सॉफ्टवेअर रेडिओ आणि शेतातील बिनतारी जाळे

धाड परिसरात हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री विहिरीवर जावे लागते. मोटार घरून चालू-बंद करता यावी, जमिनीतील ओलावा कळावा, यासाठी बिनतारी जाळे उपयोगी पडते. त्यासाठी सॉफ्टवेअर रेडिओ चालेल का, असे काही तरुण शेतकरी विचारतात.

साध्या रेडिओत लहरी निवडण्याचे व उलगडण्याचे काम ठरावीक सुटे भाग करतात. सॉफ्टवेअर रेडिओत लहरींचे आकडे बनतात आणि बाकीचे काम संगणक करतो. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे ३० अँटेना आहेत. त्यांच्या लहरींवरही संगणकात अशीच प्रक्रिया होते. पण दुर्बिणीला फक्त ऐकायचे असते. जाळ्यात उत्तरही द्यावे लागते, आणि तेही वेळेवर. वाय-फायमध्ये संदेशाची पोच सुमारे १० ते १६ मायक्रोसेकंदांत सुरू व्हावी लागते. यूएसबीच्या तारेतून संगणकात जाऊन परत येण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पोच न मिळाल्याने पाठवणारा तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतो.

दुसरी अडचण विजेची, आणि आपल्याकडे हीच मोठी. रेडिओ व छोटा संगणक मिळून ५ वॅट घेतात असे धरले, तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी जेमतेम १६-१७ तास पुरते. याउलट, बहुतेक वेळ झोपून राहणारे लोरा चिपचे यंत्र छोट्या सेलवर कित्येक महिने चालते.

उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत स्फटिक तापून वारंवारता सरकते. ८६६ मेगाहर्ट्झवर दहा लाखांत ५० भागांची चूक म्हणजे सुमारे ४३ किलोहर्ट्झ. लोराचा १२५ किलोहर्ट्झचा पट्टा एवढी चूक सहसा सोसत नाही.

८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. सॉफ्टवेअर रेडिओत मात्र एक आकडा चुकला की प्रक्षेपण पट्ट्याबाहेर जाते. म्हणून प्रक्षेपणाचा प्रयोग शेतात करू नये.

मग हा रेडिओ निरुपयोगी आहे काय? नाही. केवळ ऐकणारा स्वस्त यूएसबी रेडिओ घेऊन शेतात फिरावे. लोराच्या यंत्राची लहर कोठे क्षीण होते व कोठे खडखडाट आहे, ते पडद्यावर दिसते. ही पाहणी तूर किंवा मका पूर्ण वाढल्यावर पुन्हा करावी, कारण ओली पाने लहरी शोषतात. अँटेना पिकाच्या शेंड्याच्या वर बसवावा. आणि जाळे कोणतेही असो, मोटारीच्या स्टार्टरला स्वतंत्र टायमर जरूर लावावा. बंद करण्याचा संदेश हरवला तरी पाणी रात्रभर वाहणार नाही.