शब्दविचार : 'मतिमंद'



गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत आठवीच्या मुलांचे क्रिकेट चालले होते. एकाने सोपा झेल सोडला तेव्हा दुसरा ओरडला, "अरे मतिमंद!" सगळे हसले. जवळच सातवीतली एक मुलगी डबा खात बसली होती. तिचा धाकटा भाऊ विशेष मुलांच्या शाळेत जातो. ती अर्धा डबा बंद करून वर्गात निघून गेली. आम्ही त्या मुलाला बोलावून शब्दाचा अर्थ विचारला, तर त्याला तो सांगता आला नाही. म्हणून यावेळी हा शब्द घेतला आहे.

'मति' म्हणजे बुद्धी आणि 'मंद' म्हणजे सावकाश. मुळात 'मंद' ही शिवी नव्हे. मंद वारा, मंद प्रकाश असे आपण आजही म्हणतो. शनी ग्रहाचे एक नाव 'मंद' आहे, कारण सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. कालिदासाने तर रघुवंशाच्या आरंभी नम्रतेने स्वतःलाच मंद म्हटले आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'मंदबुद्धि' म्हणत. तेलुगूत 'बुद्धिमांद्यम', उर्दूत 'कुंदज़ेहन'. कुंद म्हणजे बोथट. आपल्या हैदराबादेत हे चारही शब्द कानावर पडतात आणि चारही सारखेच टोचतात.

इंग्रजीची कथा निराळी नाही. 'इडियट', 'इम्बेसाइल' हे एके काळी डॉक्टरांचे शब्द होते. 'मोरॉन' हा शब्द गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये ग्रीक शब्दावरून मुद्दाम घडवला. त्यांच्या शिव्या झाल्या, तेव्हा सभ्य शब्द म्हणून 'रिटार्डेड' रूढ झाला. त्याचाही अर्थ 'सावकाश झालेला' एवढाच, आणि त्याचीही शिवी झाली.

१९१२ च्या इंडियन लुनसी अ‍ॅक्टने 'वेडा' या व्याख्येतच 'इडियट' घातला होता. म्हणजे आजारी माणूस आणि ज्याची बुद्धी लहानपणापासून कमी वाढली तो, दोघे एकाच पंक्तीत! १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांना वेगळे केले, पण आपल्या बोलण्यात हा घोळ अजून आहे. बौद्धिक अक्षमता हा मनाचा आजार नव्हे. अशा मुलाला शिकायला आणि रोजचे व्यवहार सांभाळायला अधिक वेळ व मदत लागते. पण ते शिकते.

आपल्याच शहराचा दाखला पाहा. सिकंदराबादच्या मनोविकास नगरात १९८४ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिच्या नावात 'मानसिक विकलांग' असे शब्द होते. आता 'बौद्धिक दिव्यांगजन' आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' होते, २०१६ च्या कायद्यात त्या जागी 'इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी' आले.

"नाव बदलून काय होते? उद्या नवा शब्दही शिवी होईल," असे आमच्या एका विश्वस्तांनी म्हटले. खरे आहे, होईलही. चांगल्या हेतूने आणलेले शब्द कसे नासले ते वर आलेच आहे. पण जो शब्द आज घाव करतो, तो नवा नासेपर्यंत वापरत राहावा, हे आम्हाला पटत नाही.

आणि दोष एकट्या त्या मुलाचा नाही. आम्हीही कित्येक वर्षे प्रगतिपुस्तकात 'मंद' असा शेरा सहज लिहीत आलो. यंदापासून तो बंद केला आहे. विद्यार्थ्याला काय येते आणि कशाला वेळ लागतो, ते वाक्यात लिहावे, असे वर्गशिक्षकांना सांगितले आहे. प्रवेश अर्जातला जुना शब्दही काढला.

त्या मुलीच्या घरून स्नेहसंमेलनाला दरवर्षी आईवडील दोघेच येतात. या वेळचे निमंत्रण आम्ही तिच्या भावाचे नाव घालून पाठवले आहे.