दाद न देणारा प्रोस्टेट कर्करोग व ॲबिराटेरोन

अंडकोषांतील पुरुषसंप्रेरक थांबविल्यास प्रोस्टेटचा कर्करोग मंदावतो, हे हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. कालांतराने तो पुन्हा बळावतो. कारण अधिवृक्क ग्रंथी, किंबहुना स्वतः गाठही, ते संप्रेरक बनविते. ॲबिराटेरोन ही तिन्ही ठिकाणची निर्मिती रोखते. केमोथेरपीनंतरही रोग वाढलेल्या ११९५ रुग्णांवरील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोनच्या जोडीने ते घेणाऱ्यांचा मध्यक जीवनकाल १४.८ महिने, केवळ प्रेडनिसोन घेणाऱ्यांचा १०.९ महिने आढळला. चार महिने थोडेच. रुग्णाच्या घरी मात्र ते थोडे नसतात.

भूम-परंड्याकडील रुग्णांना आम्ही आवर्जून सांगतो : गोळी उपाशीपोटीच घ्यावी. सोबतचे प्रेडनिसोन 'स्टेरॉइड' म्हणून परस्पर बंद करू नये; तसे केल्यास रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते.