सरहद्दीचे दगड

सणसरहून इंदापूरला गेले, की पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. आज या रस्त्याने सोलापूरला आणि पुढे नळदुर्गला जाताना कोणी अडवत नाही. चारशे वर्षांपूर्वी मात्र या मुलखात दोन राज्यांची सरहद्द होती. एकीकडे अहमदनगरची निजामशाही, दुसरीकडे विजापूरची आदिलशाही. निजामशाहीचे सरदार मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईतच धारातीर्थी पडले.

ही सरहद्द म्हणजे सलग भिंत नव्हती. परांडा, सोलापूर, नळदुर्ग असे किल्ले तिच्यावर पहारा देत. ज्याच्या हाती किल्ला, त्याच्या हाती भोवतालचा मुलूख. म्हणून सोलापूरसाठी दोन्ही शाह्या पुन्हा पुन्हा लढल्या. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिले.

किल्ला लढवायचा, तर आधी पाणी हवे. नळदुर्गला बोरी नदीवर दगडी बांध आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, इ. स. 1613 मध्ये तो बांधला गेला. बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी महालावरून खाली कोसळते आणि आतला माणूस कोरडा राहतो! या दोन धबधब्यांना लोक 'नर' आणि 'मादी' म्हणतात. महालात फारसी शिलालेख आहे.

परांड्याच्या किल्ल्यावर एके काळी मुलुखमैदान तोफ होती. ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली आणि 1632 मध्ये विजापूरला नेली. तिचा कारागीर महंमद 'रूमी' म्हणून ओळखला जाई. रूम म्हणजे तुर्कस्तान. तो मुलूख पूर्वी रोमन साम्राज्यात होता, म्हणून हे नाव पडले.

त्या रोमन लोकांनीही सरहद्द बांधली होती. इंग्लंडच्या उत्तरेस सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. 122 मध्ये, सुमारे 117 किलोमीटर लांबीच्या भिंतीचे काम सुरू झाले. पुढे लोकांनी तिचे दगड घरांसाठी व रस्त्यांसाठी नेले. उरलेल्या दगडांवरची लॅटिन अक्षरे वाचून कोणत्या पलटणीने कोणता भाग बांधला, हे कळते.

आपल्याकडच्या किल्ल्यांतील शिलालेख फारसीत आहेत. त्यांची लिपी तुम्ही रोज वाचता. कोरीव अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात. ती वाचायला वेळ लागतो. पण अलिफ, लाम, मीम ओळखणारा मुलगा किंवा मुलगी पहिली पायरी चढलेलीच असते. बांधणाऱ्याचे नाव आणि वर्ष कळले, की मुका दगड बोलू लागतो. अशा दगडावर आपले नाव कोरू नका. तो पुढच्यांनाही वाचायचा आहे.

शब्दार्थ : धारातीर्थी पडणे – लढाईत मरण येणे. आंदण – लग्नात मुलीला दिलेली भेट. पलटण – सैन्याची तुकडी.

स्वाध्याय
1. सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन शाह्या का लढल्या?
2. पाणीमहालाचे वर्णन तीन वाक्यांत लिहा.
3. तुमच्या गावाजवळचा एखादा जुना शिलालेख पाहा आणि ओळखता आलेली अक्षरे वहीत उतरवा.