पंपाच्या शाफ्टला आटे पाडताना



ऊस विकास विभागाकडून बेणे, लागण, खोडवा याच गोष्टी ऐकायची तुम्हाला सवय. या वेळी विषय लेथचा आहे. पण त्याचा संबंध उसाच्या पाण्याशीच आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात खडकपूर्णेकाठच्या एका मळ्यात गेलो होतो. सक्शन पाइपच्या फ्लँजचा एक नट हरवला होता. डब्यात दुसरा सापडला. मीच हाताने फिरवून पाहिला, सहज चढला, आणि "चालतंय की" म्हणालो. पान्याने आवळला, पंप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी आटे सोलून निघाले, जोडातून हवा शिरली आणि पंपाने पाणी सोडले. दुरुस्ती होईपर्यंत पाण्याची पाळी चुकली, उसाची पाने सुरळी होऊन उभी राहिली. चूक माझी होती. बोल्ट तीन सुती होता आणि नट दहा मिलीमीटरचा.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट साडेनऊ मिलीमीटरचा भरतो. त्याचे आटे इंचाला १६, कोन ५५ अंशांचा. हे माप इंग्लंडच्या व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवले. दहा मिलीमीटरच्या बोल्टचे आटे दीड मिलीमीटरवर एक, कोन ६० अंश. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, पण विहिरीवरचे जुने पंप इंचातच राहिले. म्हणून एकाच डब्यात दोन्ही जातींचे नट सापडतात. मोठा नट लहान बोल्टवर चढतो खरा, पण आट्याच्या नुसत्या टोकांवर लटकतो.

ओळखायला सोपे आहे. बोल्टवर पट्टी ठेवा. एका इंचात १६ आटे भरले तर तीन सुती. १५ मिलीमीटरमध्ये १० भरले तर दहा मिलीमीटरचा.

बाजारात बोल्ट मिळतो, पण इंपेलर धरणारे शाफ्टच्या टोकाचे आटे झिजले तर ते लेथवरच पाडावे लागतात. त्यासाठी मोठा लेथ लागतो असे नाही. छोटा लेथही हे काम करतो. मात्र शाफ्टबरोबर नटही न्या. नट घरी ठेवून शाफ्ट नेणारे बरेच भेटतात! आटे उजवे की डावे हेही टर्नरला दाखवा. आट्यांवरच बसवलेला इंपेलर उलट्या फेजने मोटार फिरली की सुटू लागतो.

आता लेथवर काय होते ते पाहू. चक एक फेरा फिरतो तेवढ्यात टूल एका आट्याएवढे सरकले पाहिजे. ते काम लीड स्क्रू आणि बाजूचे गिअर करतात. समजा लीड स्क्रूला इंचाला ८ आटे आहेत आणि आपल्याला १६ पाडायचे आहेत. मग चकच्या दोन फेऱ्यांत लीड स्क्रूचा एकच फेरा व्हायला हवा, म्हणून चालक गिअर ३० दातांचा आणि लीड स्क्रूवरचा ६० चा. याच लेथवर दीड मिलीमीटरचा आटा हवा असेल तर ६० आणि १२७. हा १२७ दातांचा गिअर बघून पोरं हसतात, पण इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर आणि त्याची पाचपट १२७, म्हणून तो लागतो.

टूलची धार ५५ किंवा ६० अंशांच्या गेजला लावून पाहावी, टोक मध्याच्या उंचीवर आणि शाफ्टला काटकोनात असावे. आटे जिथे संपतात तिथे आधी खाच पाडून घ्यावी, म्हणजे टूल थांबवायला जागा मिळते. पहिला हात अगदी हलका, नुसती रेघ. तिथेच पट्टी लावून आटे मोजा. इथे चूक सापडली तर शाफ्ट वाचतो. मग थोडे थोडे खोल जा. तीन सुतीला एकूण खोली साधारण एक मिलीमीटर. पोलादावर तेल सोडत राहावे, वेग कमी ठेवावा.

परतताना हाफ नट उघडायचा का? ८ च्या लीड स्क्रूवर १६ आटे असतील तर खुशाल उघडा, कुठेही बसवला तरी टूल त्याच वाटेने जाते. १२ आटे किंवा मेट्रिक असेल तर उघडू नका; टूल बाहेर ओढून लेथ उलटा फिरवून मागे या. नाहीतर दुसरी वाट पडते आणि शाफ्ट भंगारात जातो.

शेवटी शेवटी प्रत्येक हातानंतर नट लावून पाहा, पण चक पूर्ण थांबवूनच. ढिली बाही, उपरणे, मफलर घालून लेथजवळ उभे राहू नका. टर्नरची पोरं हे जाणतात. शेजारी बघायला उभे असलेलेच विसरतात.