व्यावसायिक संबंधांची जोपासना : द्राक्षबागायतीचा धडा

उत्तम माल पिकविला म्हणजे व्यवसाय यशस्वी झाला, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात मात्र नवे तंत्र कोणाकडून शिकावे, माल कोणास द्यावा आणि अडचणीच्या वेळी कोणाचा सल्ला घ्यावा, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतात, तोच व्यावसायिक टिकून राहतो. ही उत्तरे माणसांच्या परस्परसंबंधांतून मिळत असतात. असे संबंध कसे जुळतात, कसे जपले जातात आणि त्यांत उणीव राहिल्यास काय किंमत मोजावी लागते, हे समजून घेण्यास महाराष्ट्रातील द्राक्षबागायतीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

देण्यातून आरंभ

द्राक्ष हे अत्यंत नाजूक व खर्चाचे पीक होय. एप्रिलमधील खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीपर्यंत आणि तेथून काढणीपर्यंत बागायतदारास क्षणाची उसंत नसते. अवकाळी पाऊस, भुरी, डाउनी यांपैकी एकाही संकटात चुकीचा सल्ला मिळाला, तर वर्षाची मेहनत वाया जाते. या अडचणींचा मुकाबला एकट्याने करणे कठीण, हे ओळखून १९६० साली महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची स्थापना झाली. पुणे, नाशिक, सांगली व सोलापूर या चार विभागांतून संघाचे कार्य चालते. चर्चासत्रे, शिवारफेऱ्या, वार्षिक अधिवेशन व ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक यांच्याद्वारे एका बागेतील अनुभव शेकडो बागांपर्यंत पोहोचू लागला.

या देवाणघेवाणीची फळे ठळक आहेत. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात बोरगाव येथे वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेस या जातीतून ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ पुढे आणला. असे वाण शेतकऱ्यांच्या बागांत निपजले आणि राज्यभर पसरले. आपणांस गवसलेले ज्ञान दडवून ठेवणाऱ्याभोवती माणसे जमत नाहीत. जो प्रथम देतो, त्याच्याकडेच नवी माहितीही आपसूक चालत येते. व्यावसायिक संबंधांचा हा पहिला नियम होय.

ओळखीकडून विश्वासाकडे

ओळख एका भेटीत होते. विश्वास मात्र अनेक व्यवहारांतून सिद्ध व्हावा लागतो. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभी राहिली, तेव्हा युरोपातील ग्राहकांशी थेट संबंध जोडणे हा तिचा हेतू होता. प्रारंभीच्या काळात काही माल दर्जाच्या कारणास्तव नाकारला गेला. मण्यांचा आकार, घडांची निवड, पूर्वशीतकरण व वेष्टन या प्रत्येक बाबीत सुधारणा करीत गेल्यावरच ग्राहकाचा विश्वास बसला. ग्राहकाची तक्रार हा अपमान न मानता ती शिक्षण म्हणून स्वीकारणे, हा दुसरा नियम.

उणीव राहिली तेथे

या संबंधांची खरी कसोटी २०१० साली लागली. वेलीची शाकीय वाढ रोखून फळधारणेस पोषक अशी काडी तयार व्हावी, यासाठी खरड छाटणीनंतर बागायतदार क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजेच त्यांच्या बोलीतील ‘सीसीसी’, वापरीत असत. फवारणी व काढणी यांत अनेक महिन्यांचे अंतर असल्याने तिचा अंश फळात उतरेल, अशी शंका कोणास आली नाही. निर्यातपूर्व तपासणीच्या यादीतही या रसायनाचा समावेश नव्हता. युरोपात मात्र दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा होती. तेथील तपासणीत अंश आढळताच माल नाकारला गेला, भाव कोसळले आणि कर्ज काढून बाग उभी करणाऱ्या अनेक कुटुंबांवर संकट ओढवले.

वस्तुतः बागायतदारास फवारणी ठाऊक होती, ग्राहकास मर्यादा ठाऊक होती आणि प्रयोगशाळेपाशी तपासणीची सोय होती. परंतु या तिघांत वेळेवर संवाद घडला नाही. संपर्क होता; त्यातून योग्य प्रश्न विचारला गेला नव्हता. यानंतर बागायतदार, निर्यातदार, अपेडा व मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी एकत्र बसून मार्ग काढला आणि या रसायनाची तपासणीही सुरू झाली. २००६ साली सुरू झालेल्या ‘ग्रेपनेट’ या नोंदणी व्यवस्थेमुळे मालाचा माग बागेपर्यंत काढणे शक्य होतेच. त्या नोंदीचे महत्त्व या प्रसंगाने सर्वांना पटले. संबंध सुखाच्या काळात जोडलेले असले, तरच ते संकटात उपयोगी पडतात, हा तिसरा नियम यातून दिसून येतो.

गावपातळीवर काय करता येईल?

हा धडा केवळ द्राक्षापुरता नाही. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, महिला बचत गटांचे गृहोद्योग या सर्वांना तो लागू पडतो. ग्रामपंचायतीस गावातील व्यावसायिकांची महिन्यातून एक बैठक भरविता येईल. बैठकीत प्रत्येकाने आपला एक अनुभव सांगावा व एक अडचण मांडावी. मान्यवरांच्या भाषणांपेक्षा याचा लाभ अधिक होईल. ज्याच्याशी व्यवहार करावयाचा, त्या व्यापाऱ्याची चौकशी आधी करून दर, वजन व देण्याची मुदत लेखी ठेवावी. विश्वास आणि लेखी करार हे एकमेकांचे विरोधक नव्हेत. कागद स्पष्ट असला, की मैत्रीही टिकते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस जवळच्या बागेत अथवा उद्योगात नेऊन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. कृषी अधिकाऱ्यांनी भेटीनंतर दिलेला शब्द पाळून पुढील माहिती वेळेवर कळवावी, कारण न पाळलेल्या एका शब्दाने वर्षांची ओळख निष्फळ होते.

बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी जेव्हा आपापल्या चुकाही एकमेकांस मोकळेपणाने सांगू लागतील, तेव्हा गावाच्या व्यवसायाचा पाया खऱ्या अर्थाने भक्कम झाला, असे म्हणता येईल.