गुरूचा बंदा

वाशीमहून आगगाडीत बसले, की हिंगोली, पूर्णा करीत नांदेड येते. तेथे गोदावरीच्या काठी बंदा घाट नावाचा गुरुद्वारा आहे. बंदा म्हणजे सेवक, चाकर. हा चाकर कोण, ते आज आपण वाचू.

सन १७०८ ची गोष्ट. या काठी माधोदास नावाचा बैरागी मठ करून राहात होता. मूळचा तो काश्मीरकडील राजौरीचा. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग त्याच्या मठात आले. बैराग्याला आपल्या मंत्रतंत्राचा मोठा ताठा होता म्हणे. गुरूंपुढे त्याचे काही चालेना. तो पाया पडला आणि गुरूंचा बंदा झाला.

सरहिंदचा अंमलदार वजीरखान याने गुरूंची दोन लहान मुले ठार मारविली होती. गुरूंनी बंदाला पाच बाण, निशाण व नगारा दिला आणि पंजाबात धाडले. त्याच साली ऑक्टोबरात गुरूंनी नांदेडला देह ठेवला. बारा बारा वर्षे गुरुसेवा केल्याच्या कथा आपण ऐकतो. येथे सारा सहवास थोड्या आठवड्यांचा!

मे १७१० मध्ये बंदाने सरहिंद घेतले. वजीरखान लढाईत पडला. लूटमार, जाळपोळही झाली. ती झाली नाही असे आम्ही सांगणार नाही. पण पुढचे पाहा. बंदाने जमीनदारी मोडली आणि जो कसतो त्याला जमीन दिली. शेतकरीदादा, हे तीनशे वर्षांपूर्वीचे बरे का! त्याने नाणेही पाडले. राजे लोक नाण्यावर आपले नाव घालतात. याने गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांची नावे घातली.

सन १७१५ मध्ये बादशाही फौजेने त्याला गुरदास नंगल येथे वेढले. आठ महिने वेढा चालला. दाणागोटा संपला. लोकांनी झाडपाला खाल्ला. अखेर डिसेंबरात सारे पकडले गेले. सातशेंवर कैदी दिल्लीला नेले. धर्म सोडा, जीव वाचेल, असे सांगत. मार्च १७१६ मध्ये रोज शंभरांची मान उडवू लागले. इंग्रज कंपनीचे वकील तेव्हा दिल्लीत होते. एकानेही धर्म सोडला नाही, असे त्यांनी लिहून कळविले.

बंदाला जूनमध्ये मारले. आधी त्याचा चारेक वर्षांचा मुलगा त्याच्या डोळ्यांपुढे मारला. मग त्याचे हाल हाल केले. तो डगमगला नाही.

त्या कैद्यांत एक कोवळा पोरगा होता. त्याची हकीकत मोगलांकडच्याच खाफीखानाने लिहिली आहे. पोराच्या आईने दरबारात अर्ज केला. माझा मुलगा शीख नाही, त्याला जबरीने धरून नेले होते, असे ती बोलली. सुटकेचा हुकूम झाला. तो घेऊन माय धावतच आली. पोराच्या मानेवर तलवार उगारलेलीच होती. पोरगा म्हणाला, माझी आई खोटे बोलते, मी गुरूचाच आहे. मला माझ्या सोबत्यांकडे लवकर पाठवा. आणि त्याने मान पुढे केली.