तप्त तंतूचा आयनीभवन दाबमापी : निर्वातमापन व त्याची अचूकता

विजेचा दिवा, चहाचा थर्मास अथवा दूरचित्रवाणीची जुन्या पद्धतीची चित्रनलिका यांत निर्वाताचा उपयोग होतो, हे सर्वपरिचित आहे. तथापि निर्वात म्हणजे पूर्ण पोकळी नव्हे. वातावरणाचा सामान्य दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. त्यांपैकी एका मिलिमीटरइतक्या दाबास इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली यांच्या नावावरून 'टॉर' म्हणतात. दाब एक टॉरच्या दशलक्षांशापर्यंत उतरविला, तरी नेहमीच्या तापमानास प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये वायूचे सुमारे ३,३०० कोटी रेणू शिल्लक राहतात. इतका अल्प दाब पाऱ्याचा स्तंभ दाखवू शकत नाही. त्यासाठी आयनीभवन दाबमापी वापरतात. त्याचे मूळ स्वरूप अमेरिकेतील ऑलिव्हर बकली यांनी १९१६ साली मांडले.

रचना व कार्य

या दाबमापीचे तीन मुख्य भाग असतात : तंतू, जालक व संग्राहक. विजेने तापविलेल्या तंतूमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. जालकावर सुमारे १८० व्होल्ट धन दाब असल्याने ते तिकडे वेगाने ओढले जातात. वाटेत वायूच्या रेणूशी टक्कर झाली की रेणूतील एखादा इलेक्ट्रॉन निखळतो व मागे धन आयन उरतो. हे आयन संग्राहकावर जमा होऊन सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. रेणू जितके अधिक तितक्या टकरा अधिक. म्हणून हा प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो.

उदाहरणार्थ, दाबमापीची संवेदनशीलता प्रतिटॉर १० आणि इलेक्ट्रॉनांचा प्रवाह ४ मिलिॲम्पिअर असेल, तर एक टॉरच्या दशलक्षांश दाबास आयनप्रवाह केवळ ०.०४ मायक्रोॲम्पिअर भरतो. इलेक्ट्रॉनप्रवाह ढळला तर दाब स्थिर असूनही वाचन बदलेल. म्हणून नियंत्रक मंडल तंतूची उष्णता कमीअधिक करून तो प्रवाह स्थिर ठेवते.

क्ष-किरणांची मर्यादा

जुन्या नमुन्यांत संग्राहक हा सर्वांना वेढणारा मोठा नळकांड्यासारखा पत्रा असे. पंप कितीही उत्तम असला, तरी वाचन एक टॉरच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास थांबे. याचे कारण १९४७ साली वेन नॉटिंगहॅम यांनी सुचविले. इलेक्ट्रॉन जालकावर आदळताना सौम्य क्ष-किरण निघतात. ते संग्राहकावर पडून त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. इलेक्ट्रॉन जाणे आणि धन आयन येणे यांतील भेद विद्युत्प्रवाहमापकास कळत नाही. १९५० साली बेयार्ड व आल्पर्ट यांनी तंतू जालकाबाहेर नेला आणि संग्राहक म्हणून मध्यभागी एक बारीक तार बसविली. तारेवर फारच थोडे क्ष-किरण पडत असल्याने मापनाची सीमा एक टॉरच्या हजार कोटीव्या भागापर्यंत खाली गेली. हाच नमुना आजही प्रचारात आहे.

वाचनातील दोष व दक्षता

दाबमापीवरील अंक सामान्यतः नायट्रोजनसाठी ठरविलेले असतात. हेलियमचे आयनीभवन त्याच्या मानाने सुमारे एक पंचमांशच होते, तर आर्गॉनचे सुमारे १.३ पट होते. गळती शोधण्यासाठी हेलियम वापरला असता खरा दाब वाचनाच्या पाचपट असू शकतो, हे तंत्रज्ञाने ध्यानात ठेवावे.

जालकास चिकटलेले वायू हळूहळू सुटून वाचन फुगवितात. म्हणून अतिउच्च निर्वातात जालक काही काळ तापवून शुद्ध करावे लागते. तंतू वाकल्यास इलेक्ट्रॉनांचे मार्ग, आणि त्यांबरोबर संवेदनशीलता, बदलते. दाबमापी पंपाच्या मुखाशी बसविल्यास कक्षातील दाबापेक्षा कमी दाब दिसतो. यास्तव ठरावीक काळाने प्रमाण दाबमापीशी तुलना करून अंशशोधन करणे आवश्यक ठरते. त्यासाठी चुंबकीय क्षेत्रात अधांतरी फिरणाऱ्या पोलादी गोळीचा दाबमापी उपयोगी पडतो; वायूच्या घर्षणाने गोळीचा वेग किती मंदावतो त्यावरून दाब कळतो.

दाब एक टॉरच्या सहस्रांशाखाली उतरल्यावाचून तंतू पेटवू नये. हवा शिरल्यास तापलेला टंगस्टनचा तंतू जळून जातो. थोरियाचा लेप दिलेला इरिडियमचा तंतू असा अपघात बहुधा सोसतो. धातूचा कक्ष भूमीशी जोडलेला नसेल, तर दाब वाढला असता विद्युत्भारित वायूमार्फत जालकाचा व्होल्ट कक्षाच्या भिंतीवर येऊन काम करणाऱ्याच्या जिवास धोका पोहोचू शकतो. भूसंपर्क तपासणे हे म्हणूनच पहिले कर्तव्य होय.

अचूक मापनाचे महत्त्व

इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ व इंडस-२ ही इलेक्ट्रॉन साठवण वलये आहेत. अशा वलयांत इलेक्ट्रॉनांचा झोत तासन्‌तास फिरत राहावा लागतो. वायूचे रेणू अधिक असल्यास झोत विखुरतो व प्रयोग खंडित होतो. वाचन चुकीने कमी आले, तर निर्वात पुरेसा असल्याच्या समजुतीत मूळ गळती शोधलीच जात नाही. म्हणून दाबमापीवरील अंक वाचण्याबरोबरच तो अंक कोणत्या वायूचा, कोणत्या जागेचा आणि केव्हाच्या अंशशोधनाचा आहे, हे पाहण्याची सवय शिक्षकांनी विद्यार्थ्यांस प्रारंभापासूनच लावणे हितावह ठरेल.